पहिले गिऱ्हाईक, पहिली उधारी : महाराष्ट्रातील खाद्यगृहांच्या भांडवलाचा इतिहास

१/ राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत कोल्हापुरातील भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे एक दुकान उघडले. रस्ता वर्दळीचा होता आणि चहाची सवयही शहराला लागू लागली होती. तरीही गिऱ्हाईक येईना. दुकानाचे मालक गंगाराम कांबळे हे महार समाजातील होते, आणि त्यांच्या हातचा चहा घेण्यास सवर्ण समाज तयार नव्हता. दुकान, भांडी, दूध, साखर हे सारे असूनही धंदा चालत नाही, असा हा प्रसंग होता. मग खाद्यगृह उभे राहण्यासाठी नेमके काय लागते? या धाग्यात या प्रश्नाचा मागोवा चार प्रकारच्या दुकानांतून घेतला आहे : गिरणगावातील खाणावळ, इराण्याचे हॉटेल, कोल्हापूरचे हे चहाचे दुकान आणि उडुपी उपाहारगृह.

२/ आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पैसे मोजून परक्याच्या हातचे अन्न खाणे ही आज सहज वाटणारी कृती एकोणिसाव्या शतकात सहज नव्हती. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर केली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले.

३/ एका कपाची ही किंमत. ज्या समाजात चहाचा घोट जातीबाहेर जाण्याचे निमित्त ठरू शकत होता, तेथे उपाहारगृह काढणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न पैशाचा नव्हता, तर ‘माझ्या हातचे कोण खाईल?’ हा होता. म्हणूनच जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर मालकाची जात किंवा गाव सांगणारी नावे दिसत : ब्राह्मणी खाणावळ, अमक्या गावचे बोर्डिंग, तमक्या समाजाचे भोजनगृह. आज ही नावे केवळ चवीची ओळख वाटतात. त्या काळी ती गिऱ्हाइकाला दिलेली हमी होती आणि त्याच वेळी इतरांसाठी लावलेली मनाईही होती.

४/ मुंबईत या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले ते गिरण्यांमुळे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली. कोकण, सातारा आणि घाटावरच्या गावांतून पुरुष कामाला आले. बहुतेकांची बायकामुले गावीच राहिली. एकेका खोलीत अनेक गाववाले पाळीपाळीने झोपत. त्यांना दोन वेळचे जेवण हवे होते, आणि ते आपल्या मुलखाच्या चवीचे व आपल्या माणसाच्या हातचे हवे होते.

५/ ही गरज भागवली ती खाणावळींनी. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई स्वतःच्या कुटुंबासोबत दहा-वीस कामगारांचा स्वयंपाक करी. कधी ती विधवा असे, कधी नवऱ्याचा पगार अपुरा पडत असे, कधी तिची स्वतःची गिरणीतील नोकरी सुटलेली असे. जेवणाऱ्यांना ‘मेंबर’ म्हणत. त्यांच्या पाळ्यांप्रमाणे चूल पेटे : पहिल्या पाळीसाठी पहाटे आणि दुसऱ्या पाळीसाठी रात्री उशिरा. या धंद्याला पाटी नव्हती, परवाना नव्हता, गल्लाही नव्हता. खोली तीच, भांडी घरचीच आणि श्रम बिनपगारी. बाहेरून पाहणाऱ्यास वाटावे की यात भांडवल लागतच नाही.

६/ प्रत्यक्षात भांडवल लागत होते. ते डोळ्यांना दिसत नव्हते एवढेच. गिरणीत पगार महिन्याचा महिन्याला आणि तोही महिना संपल्यानंतर काही दिवसांनी होई. म्हणजे नव्याने लागलेल्या कामगाराच्या हाती पहिला पैसा येईपर्यंत महिन्याहून अधिक काळ लोटे. तेवढे दिवस तो जेवणार कोठे? खाणावळवालीकडे, उधारीवर. ती ज्वारी-तांदूळ आणणार कोठून? वाण्याकडून, उधारीवर. वाण्याने हात आखडला की सावकाराकडे दागिना गहाण पडे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगाराला मुदत घातली : हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात सात दिवसांच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहा दिवसांच्या आत. तरीही मधला महिना उधारीचाच राहिला.

७/ अर्थशास्त्राच्या भाषेत याला खेळते भांडवल म्हणतात. खाद्यव्यवसायाचे सगळ्यात मोठे संकट येथेच असते. धान्य, सरपण, दूध यांचे पैसे आज द्यायचे आणि वसुली मात्र पुढे कधीतरी. गिरणगावात हे अंतर भरून काढणारी शेवटची कडी खाणावळवाली होती. गिरणीमालक कामगाराचा पगार महिनाभर हाती ठेवू शकत होता, याचे एक कारण हे की त्या महिनाभर कोणीतरी कामगाराला जेवू घालत होते. गिरण्यांच्या ताळेबंदात या पतपुरवठ्याची नोंद कोठेही सापडणार नाही.

८/ याच काळात शहराच्या नाक्यानाक्यांवर दुसऱ्या प्रकारचे दुकान उभे राहत होते. इराणातील यझ्द आणि केरमान भागांतील झरतुष्ट्री कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत येऊ लागली. मायदेशी दारिद्र्य, दुष्काळ आणि धार्मिक छळ हे तिन्ही होते. तेथील झरतुष्ट्रींवरचा जिझिया कर रद्द व्हावा म्हणून मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणात पाठवले होते. तो कर १८८२ मध्ये रद्द झाला. स्थलांतर मात्र थांबले नाही. मुंबईत आलेल्या इराण्यांपैकी अनेकांनी आधी पारशी घरांत चाकरी केली आणि मग चहा विकण्यास आरंभ केला.

९/ इराण्यांपुढे जागेचा प्रश्न होता. असे सांगितले जाते की हिंदू व्यापारी रस्त्याच्या कोपऱ्यावरची दुकाने अशुभ मानत, म्हणून त्या जागा इराण्यांना सहज मिळाल्या. या आख्यायिकेत तथ्य किती, हा वेगळा प्रश्न. पण कोपऱ्याच्या जागेचे व्यापारी गुण उघड आहेत : दोन रस्त्यांवर दर्शनी बाजू, दोन्हीकडून उजेड-वारा आणि दोन्हीकडचे गिऱ्हाईक. धोबीतलावचे कयानी १९०४ मध्ये सुरू झाले, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ मध्ये. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर आरसे आणि गल्ल्यावर स्वतः मालक, हे चित्र पुढे मुंबईची खूण बनले.

१०/ या दुकानांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. एका कपातील नफा अत्यल्प होता, म्हणून कपांची संख्या मोठी हवी. त्यासाठी दुकान भल्या पहाटे उघडे आणि रात्रीपर्यंत चाले. चहाच्या जोडीला बन-मस्का, ब्रून, खिमा, अंडी मिळत. गल्ल्याशेजारच्या कपाटांत साबण, दंतमंजन, बिस्किटे असा किरकोळ मालही असे. एक विक्री मंदावली तर दुसरी हात देई. भांडवल अनेकदा नातलग आणि गाववाल्यांच्या भागीदारीतून उभे राही. बँकेच्या दारात न जाता पैसा उभा करण्याचा हा मार्ग होता. त्याची हमी कागदावर नसून नात्यात होती.

११/ इराण्याच्या दुकानाचे आणखी एक वैशिष्ट्य होते. मालक हिंदू जातिव्यवस्थेच्या उतरंडीबाहेरचा होता. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कारकून, हमाल, विद्यार्थी असे सारे त्याच टेबलांवर बसत. हा समतेचा जाहीरनामा नव्हता. स्वस्त चहाच्या धंद्याला मोठी गर्दी लागते, आणि दारात जात विचारणाऱ्या दुकानाला तेवढी गर्दी मिळत नाही. तरीही परिणाम खरा होता. पंचहौदच्या चहावरून जे पेटले होते, ते या टेबलांवर काही दशकांत दैनंदिन व्यवहाराच्या ओघात विझत गेले.

१२/ आता पुन्हा कोल्हापूर. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी चाकरीस होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला स्पर्श केला म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना बेदम मारहाण केली. महाराजांनी मारहाण करणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना चाकरी सोडून स्वतंत्र धंदा काढण्याचा सल्ला दिला, साहाय्यही केले. त्यातून ‘सत्यसुधारक’ हे दुकान उभे राहिले. म्हणजे भांडवल मिळाले, जागा मिळाली आणि राजाचा आशीर्वादही मिळाला. तरी टेबले रिकामीच.

१३/ तेव्हा महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले. फिरायला निघाले की ते गाडी दुकानापाशी थांबवीत आणि चहा मागवीत. सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही तोच चहा घ्यावा लागे. छत्रपतींनी जो पेला ओठांना लावला तो नाकारण्याचे धैर्य बरोबरच्यांपैकी कोण दाखवणार? पुढे महाराजांनी दुकानाला सोडावॉटरचे यंत्रही मिळवून दिले. १९१९ मध्ये शाहूंनी सार्वजनिक ठिकाणची अस्पृश्यता बंद करण्याचे हुकूम काढले आणि १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेत ते डॉ. आंबेडकरांसोबत व्यासपीठावर आले. त्या मोठ्या घटनांच्या शेजारी हा चहा लहान दिसतो. पण हुकूम दुकानाचे दार उघडू शकतो, आत गिऱ्हाईक आणू शकत नाही, हे शाहूंनी ओळखले होते.

१४/ या प्रसंगाकडे उद्योगाच्या इतिहासातील घटना म्हणूनही पाहायला हवे. पंचहौदच्या वेळी नावाजलेल्या माणसांनी चहा घेतला आणि नंतर त्यांना प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. कोल्हापुरात चहा घेणारा स्वतः सत्ताधीश होता आणि त्याने प्रायश्चित्त घेतले नाही. गंगारामांना उणीव होती ती पतीची. ही पत त्यांच्या हातच्या चवीने मिळणार नव्हती, कारण चव घ्यायलाच कोणी येत नव्हते. प्रत्येक गावात शाहू नव्हते. म्हणूनच दलित समाजातील माणसाने उघडलेले हॉटेल हा त्या काळी विरळा अपवाद राहिला. इतरांसाठी जो धंद्यातील धोका होता, तो त्यांच्यासाठी धंद्याआधीचा अडसर होता.

१५/ चौथे दुकान दक्षिण कानड्यातून आले. उडुपीच्या कृष्णमंदिर आणि अष्टमठांच्या परिसरात सामूहिक भोजनाची आणि शाकाहारी पाककलेची मोठी परंपरा होती. तेथील माणसे मुंबईत आली तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता. पाचपन्नास माणसांचा स्वयंपाक वेळेवर आणि एकाच चवीचा करण्याचे कसब होते. माटुंग्यात दक्षिण भारतीय नोकरदारांची वस्ती वाढत होती. तेथे रेल्वे स्थानकाजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. लहान वयात मुंबईत येऊन हॉटेलातील हलकी कामे करीत ते मालकपदापर्यंत पोहोचले होते.

१६/ १९४२ हे वर्ष भोजनालय काढण्यास अत्यंत प्रतिकूल होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये जपानी सैन्याने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. भाव भडकले, आणि १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. भात हाच ज्यांच्या ताटाचा कणा, त्यांच्या हाती मोजका शिधा आला. अशा वेळी टिकून राहायचे तर वाया जाणारा प्रत्येक घास हिशेबात धरावा लागतो : किती पाने बसली, किती भात उरला, उद्या किती भिजवायचे. ठरलेले पदार्थ, झटपट वाढप आणि टेबल लवकर मोकळे होणे ही उडुपी पद्धत म्हणजे अशा काटेकोर हिशेबाचेच दृश्य रूप होते.

१७/ उडुपी हॉटेलात भांडवल जसे साठे तसा माणूसही घडे. गावाकडून आलेला मुलगा आधी मोरीवर भांडी घासे, मग फडके मारी, मग वाढपी होई, त्यानंतर आचारी किंवा गल्ल्यावरचा माणूस. अनेकांनी दिवसभराच्या कामानंतर रात्रशाळेत शिक्षण घेतले. राहणे-जेवणे हॉटेलातच, त्यामुळे पगार शिल्लक पडे, आणि एखाद्या दिवशी दोघेतिघे मिळून स्वतःचे दुकान काढत. या शिडीला दुसरी बाजूही होती : लहान वय, कामाचे अनंत तास आणि झोपायला टेबलांखालची फरशी. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापनांसाठी कायदा केला आणि १९४८ मध्ये तो नव्याने आणला, त्यामागे अशा नोकरांच्या कामाच्या तासांचाही प्रश्न होता.

१८/ स्वातंत्र्याच्या वर्षी आलेल्या एका कायद्याने या साऱ्या धंद्याचे स्वरूप बदलले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. जुन्या भाडेकरूस हे वरदान होते. इराण्याचा स्वस्त चहा दशकानुदशके स्वस्त राहू शकला, यात या गोठलेल्या भाड्याचा वाटा मोठा आहे. नव्याने येणाऱ्यासाठी मात्र दार अरुंद झाले. जागा हवी तर पगडी मोजावी लागे, आणि ती रक्कम हिशेबाच्या वहीबाहेर रोखीने जाई. स्वयंपाकाचे कसब असलेला पण पगडीचा पैसा नसलेला माणूस बाहेरच राहिला.

१९/ यातून एक नवी पद्धत रुजली : ‘कंडक्टिंग’. जागा आणि परवाना एकाचा, धंदा चालवणारा दुसरा. चालवणाऱ्याने मालकाला दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेला नफा-तोटा आपला मानायचा. १९७३ मध्ये भाडेकायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना संरक्षण मिळाले. परंतु चालू धंदा केवळ चालवायला घेतलेल्याला त्या व्याख्येतून वगळले गेले. परिणामी ‘ही जागा भाड्याने दिली की फक्त धंदा चालवायला दिला?’ या एका प्रश्नावर न्यायालयांत वर्षानुवर्षे दावे चालले. १९७४ पासून कर्नाटकातील जमीन सुधारणांमुळे बंट समाजातील अनेक कुटुंबांच्या जमिनी गेल्या, आणि त्यांतील कित्येक तरुण मुंबईच्या हॉटेल व्यवसायात उतरले. पगडी नसलेल्या नवोदितासाठी कंडक्टिंग हाच शिरकावाचा मार्ग होता. हक्काविना जोखीम असे त्याचे स्वरूप होते.

२०/ आणि खाणावळवाली? १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. लहान उद्योगांना कर्ज मिळेल असे सांगितले गेले. पण तारण नाही, परवाना नाही, सहीऐवजी अंगठा, अशा बाईला बँक उद्योजक कशी मानणार? १९७३-७४ च्या गिरणी संपात कामगारांचे पगार थांबले, खाणावळी मात्र थांबल्या नाहीत. मेंबरांना जेवू घालताना बायका कर्जात रुतल्या. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

२१/ मंडळाचा मार्ग साधा होता. बायकांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचे. पहिल्या १४ जणींना बँक ऑफ बडोदाने कर्ज दिले. सावकाराच्या व्याजातून सुटका झाली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शंभर वर्षे चालत आलेल्या एका धंद्याला कागदोपत्री धंदा म्हणून प्रथमच मान्यता मिळाली. अहमदाबादेत ‘सेवा’ बँक १९७४ मध्ये सुरू झाली होती. बांगलादेशातील मुहम्मद युनूस यांचा प्रयोग १९७६ चा. लघुकर्जाच्या जागतिक इतिहासात लालबाग-परळच्या खाणावळींचे नाव या दोघांच्या बरोबरीने यायला हवे.

२२/ १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. औपचारिक शेवट न झालेल्या या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मेंबर गावी परतले. कित्येकांची उधारी वहीतच राहिली. काही बायका डबे आणि खानपानसेवेकडे वळल्या, अन्नपूर्णानेही तो मार्ग धरला. ज्या खोल्यांतून कामगारांचे शहर जेवले, त्यांच्या जागी पुढे मनोरे आले आणि त्या मनोऱ्यांत महागडी उपाहारगृहेही आली.

२३/ या चार दुकानांना शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. स्वयंपाक येणारी माणसे कोठेच कमी नव्हती. प्रत्येक ठिकाणी अडले ते दुसऱ्याच कशासाठी : खाणावळवालीचे कर्जासाठी, इराणी व उडुप्याचे जागेसाठी आणि गंगाराम कांबळे यांचे पहिल्या गिऱ्हाइकासाठी. जेथे नाते, गाव किंवा जात पाठीशी होती तेथे ती उणीव भरून निघाली. जेथे ती आधाराऐवजी आडवी आली, तेथे राजाला रस्त्यावर थांबून चहा मागवावा लागला, किंवा १४ बायकांना एकमेकींच्या जामीन व्हावे लागले.

२४/ ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. ते दरबाराने किंवा सरदारांनी उभारले नव्हते. त्यासाठी पुढाकार घेऊन निधी जमवला तो गंगाराम कांबळे यांनी. दुकानाला मिळालेल्या पहिल्या गिऱ्हाइकाची आठवण दुकानदाराने अशी जपली. एखाद्या जुन्या हॉटेलात पुढच्या वेळी चहा घेताना त्याच्या स्थापनेचे साल पाटीवर वाचता येईल. जागा कोणाच्या नावावर होती, पहिले वाणसामान कोणाच्या उधारीवर आले आणि पहिला कप कोणी घेतला, हे मात्र विचारावे लागेल.